चाळीस रेघांच्या बाई

गणित माणसाला नम्र करतं. हे वाक्य आमच्या अध्यापक महाविद्यालयाच्या जिन्यात तीन भाषांत रंगवलेलं होतं. त्याच्या खाली, पानाच्या पिचकाऱ्या मारू नयेत, हेही तीन भाषांत होतं. दोन्ही सूचनांचा लोकांवर सारखाच परिणाम झालेला दिसत होता.

मला त्यातल्या पहिलीची गरज नव्हती. मी सातवीतल्या त्रैराशिकापासूनच नम्र होते.

महाविद्यालय सियालदह स्टेशनच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली कागदी प्लेटांचा घाऊक व्यापार, वर भावी पिढी घडवणाऱ्यांना घडवण्याचं काम. माझा नवरा बँकेत, आणि बँक त्याला दर तीन वर्षांनी उचलून दुसऱ्या गावी ठेवते. त्यामुळे माझं शिक्षण अपूर्णांकांत झालं. नागपूरला बी.एड. निम्मं, भोपाळला ग्रंथालयशास्त्र पाऊण. कोलकात्याला आलो तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि प्राथमिक शिक्षकांचा दोन वर्षांचा डिप्लोमा हा माझा तिसरा प्रयत्न होता. शेवटची परीक्षा फेब्रुवारीत, नवऱ्याची तीन वर्षं पुरी होणार मे महिन्यात. नापास झाले असते तर पुन्हा बसायला मी या शहरात नसते. एवढं गणित मलाही येत होतं.

गणित शिकवायला ज्या बाई होत्या, त्यांना सगळे दिदिमणी म्हणत. बंगालात शाळेतल्या बाईंना तसं म्हणतात. मी इथे त्यांना बाईच म्हणणार आहे, कारण मनातल्या मनात मी त्यांना तेच म्हणायचे. त्या बंगालीत बोलत. माझ्याकरता मध्येच हिंदीचा एखादा शब्द टाकत, तोही चुकीच्या लिंगात. साठीच्या आसपास, उंचीने कमी, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आणि बाराही महिने छत्री.

पहिल्या तासाला त्या आल्या आणि म्हणाल्या, "हात बाकावर. पालथे नाही, उताणे."

चाळीस-पंचेचाळीस प्रौढ माणसांनी हात पुढे केले. बाई ओळींमधून फिरल्या. ज्योतिषी बघतो तसं एकेकाच्या तळव्याकडे बघत होत्या, पण भविष्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

"एका हातावर किती मावतात?"

"वीस!" वर्ग एका सुरात म्हणाला. मी मात्र "बारा" म्हणाले होते, आणि बेसूर आवाज लपत नाही.

बाई माझ्यापाशी थांबल्या. "दाखव बरं."

मी दाखवलं. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. अंगठा मोजायचं काम करतो.

"आणि अंगठ्याला का नाही मोजलं?"

"जो मोजतो त्यानं स्वतःला मोजायचं नाही, असं आईनं शिकवलंय."

"बाप रे! कुठली तू?"

"महाराष्ट्रातली."

"बर्गी! आणि एवढा विनय?" वर्ग खदखदून हसला. बर्गी म्हणजे आपल्याकडचे घोडेस्वार, ज्यांची भीती घालून इथल्या आया पिढ्यान्‌पिढ्या मुलं निजवत आल्या. त्या दिवसापासून मी बर्गी झाले ती शेवटपर्यंत.

मग बाईंनी त्यांचा हात दाखवला. बंगाली माणूस पेरं मोजत नाही, बोटावरच्या आडव्या रेघा मोजतो. तीन रेघा आणि चौथं बोटाचं टोक. पाच बोटांचे वीस, दोन हातांचे चाळीस. बाई डाव्या करंगळीपासून सुरू करत आणि उजव्या करंगळीवर संपत. पेटीवरून हात फिरवावा तसा त्यांचा अंगठा फिरे.

"जगातल्या सगळ्या शाळांत पोरांना सांगतात, बोटं मोजू नका," त्या म्हणाल्या. "पोरं मग बाकाखाली मोजतात. तुम्ही बाकावर मोजायला शिका, म्हणजे तुम्हाला दिसेल तरी ती काय करतात."

यात एक अडचण आली. कोलकात्यात हात रिकामे नसतात. पोवळं, नीलम, गोमेद, ज्याला जो ग्रह छळतो त्याचा खडा. बाईंचा हुकूम होता की तासाला अंगठ्या काढून ठेवायच्या. "अंगठी दोन रेघा खाते," त्या म्हणत. "एक तिच्याखाली झाकते, आणि दुसरी तिच्या खड्याकडे बघण्यात जाते."

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसत. पूर्वी विम्याची कामं करत, आता मास्तर व्हायला निघालेले. त्यांच्या हातात चार अंगठ्या होत्या.

"दिदिमणी, ही नाही काढता येणार. शनीची आहे."

"शनी माझ्या तासाला येत नाही. त्याची हजेरी लागत नाही."

"पण साडेसाती चालू आहे हो माझी!"

"साडेसात म्हणजे पंधरा छेद दोन. घाबरण्यासारखं काय आहे त्यात?"

ते काढेनात. बाईंनी आग्रह सोडला, पण हिशेब सोडला नाही. चार अंगठ्या, प्रत्येकी दोन रेघा, चाळीसातून आठ गेल्या. त्या दिवसापासून त्यांचं नाव बत्तीसबाबू. हजेरीतही बाई तेच पुकारत आणि ते खुशाल "उपस्थित" म्हणत. शनीपेक्षा हे नाव त्यांना जास्त सोसवलं असावं.

आमच्याकडे एक गणित-प्रयोगशाळाही होती. तिचं उद्घाटन झालं तेव्हा फीत होती, शंख होता, आणि बालकाच्या सर्जनशीलतेवर पाऊण तासाचं भाषण होतं. आत एक कपाट आणि कपाटात रंगीत प्लास्टिकचे ठोकळे. कपाटाला कुलूप, किल्ली प्राचार्यांकडे, आणि प्राचार्य बहुधा मीटिंगमध्ये. दोन वर्षांत मी ते ठोकळे काचेतूनच पाहिले. त्यांच्यावरचं पारदर्शक वेष्टन शेवटपर्यंत निघालं नव्हतं. बाई त्या कपाटासमोरून जाताना पाहुणे बसलेत म्हणून आवाज कमी करावा, तसा करायच्या. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दोन हात आणि छत्री.

छत्रीने त्या सगळं मोजत. फळा तीन छत्र्या. वर्गाची लांबी अकरा छत्र्या आणि वर एक मूठ. आम्ही ते वहीत लिहून घेतलं होतं, काहींनी पाठही केलं होतं. एकदा एस्प्लनेडला बसमधून उतरताना छत्री बसमध्येच राहिली. बाईंनी तिथल्या फूटपाथवरून नवी घेतली, ती जरा बुटकी निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग पुन्हा मोजला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "काल संध्याकाळपासून हा वर्ग वाढलाय. साडेतेरा छत्र्या झालाय."

कोणी हसलं नाही. तीन-चार जणांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला.

"अरे, वर्ग कसा वाढेल?" बाई ओरडल्या. "विचारा ना मला! दिदिमणीनं सांगितलं म्हणून लिहून घेता? उद्या हीच सवय तुम्ही पोरांना लावणार!"

लांबी सांगताना ती कशात मोजली हे आधी सांगायचं, हे मी वेगवेगळ्या पुस्तकांत किमान चारदा वाचलं होतं. कळलं ते त्या दिवशी.

पण त्यांचं खरं शस्त्र एकच प्रश्न होता. कुठलंही उत्तर, बरोबर असो की चूक, आलं की त्या विचारत, "आलं कुठून?" चूक हा शब्द त्यांनी आम्हाला वापरू दिला नाही. "पोरगं कधी उगाच चुकत नाही," त्या म्हणत. "ते कुठल्या तरी दुसऱ्या गणिताचं बरोबर उत्तर देतं. ते गणित कोणतं, हे शोधण्याचा पगार आहे तुम्हाला." मला हे आधी सुभाषित वाटलं, आणि सुभाषितांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण मग त्या फळ्यावर एखादं लहान मुलाचं उत्तर लिहीत. बावन्न वजा सत्तावीस बरोबर पस्तीस. आणि ते कुठून आलं हे शोधल्याशिवाय कोणाला चहाला सोडत नसत. मोठ्या आकड्यातून लहान वजा करायचा, एवढंच ते मूल पाळत होतं: सातातून दोन, पाचातून दोन. आम्ही ते शोधून काढलं तेव्हा मला सातवीतली मी आठवले. मलाही कोणी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. बागबाजारात दोन खोल्या, थोरली बहीण आणि त्या. बहीण देवभोळी, पंचांग बघितल्याशिवाय दूध न तापवणारी. बाईंचं आणि तिचं रोज भांडण आणि रोज एकत्र जेवण. बाई मला गल्लीच्या टोकाला घेऊन गेल्या.

"हे बघ. इथून खंदक सुरू व्हायचा. तुम्हा बर्ग्यांना अडवायला."

मी पाहिलं. एक औषधाचं दुकान होतं आणि एक माणूस रिक्षात झोपला होता.

"सात मैल खणायचा ठरला होता. तीन मैल खणून झाला आणि कळलं, मराठे काही शहरात येत नाहीत. राहिला किती?"

"चार मैल," मी म्हणाले.

"मराठेच येणार नाहीत तर उरलेला चार मैल कोणाला हवाय? राहिला शून्य." मग छत्री टेकून म्हणाल्या, "पण बर्गी, तुझं तसं नाही. तुला पुढचे चार मैल लागणार आहेत. नागपूर झालं, भोपाळ झालं. इथं पुरं करूनच जा."

मी त्यांना माझ्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाबद्दल एकदाच, ओझरतं सांगितलं होतं.

फेब्रुवारीत परीक्षेचा पाठ झाला. घाऊक भाजीबाजाराला लागून असलेली शाळा, वर्ग तिसरी. बाहेरून परीक्षक आले होते. सफारी सूट, चामडी फाइल, दर तिसऱ्या वाक्यात चाइल्ड-सेंट्रिक. त्यांना बसायला जागा हवी म्हणून एका बाकावरच्या तीन मुलांना उठवून जमिनीवर बसवलं होतं. बाई मागे, खिडकीपाशी. पन्नास गुणांतले पंचवीस परीक्षकांचे, पंचवीस बाईंचे, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. परीक्षकांकडून निदान तेरा मिळाले नाहीत तर बाईंनी पंचवीसच्या पंचवीस दिले तरी नापास.

मी सोळातून सात वजा करायला सांगितलं. एकाचं ऐकून दुसऱ्यानं ओरडू नये म्हणून बोलायचं नाही, बोटावर दाखवायचं, अशी युक्ती योजली होती. पहिल्या बाकावर दोन वेण्यांची मुलगी होती. तिनं हात वर केला. तिचा अंगठा दोन बोटं ओलांडून तिसऱ्या बोटाच्या पहिल्या रेघेवर होता.

तीन, सहा, सात, मी मोजलं. दोन वर्षं शिकूनही परीक्षेच्या दिवशी माणूस आईनं शिकवलेल्या हातावर येतो. शिवाय सात ही वजा करायचीच संख्या. पोरीनं तीच परत केली, असं मला वाटलं.

"सात? चूक. बस खाली."

ती बसली. भांडली नाही, रडली नाही. नुसतं स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि हात बाकाखाली नेला.

मी पुढच्या मुलाकडे वळले. त्याचाही अंगठा तिथेच. त्याच्या पुढच्याचाही. परीक्षकांचं पेन चालू लागलं. मी मागे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त मांडीवरचे दोन्ही हात उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. उताणे.

मी परत पहिल्या बाकापाशी गेले. खाली बसले.

"आलं कुठून, दाखव ना."

मुलगी दबकत मोजू लागली. "एक, दोन, तीन, चार." करंगळी संपली. "पाच, सहा, सात, आठ." दुसरं बोट संपलं. "नऊ."

खरं तर इथे काहीतरी सारवासारव करता आली असती. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "चूक मी केली. माझ्या बोटाला तीनच असतात."

"तीनच?" मागून कोणी तरी ओरडलं. "दिदिमणीचं बोट तोकडं आहे!"

वर्ग उठून आला. प्रत्येकाला माझं बोट बघायचं होतं. मी पेरं दाखवली, त्यांनी रेघा दाखवल्या. दोन बोटं आणि वर एक, माझे सात, त्यांचे नऊ. "मग पाच बोटांचे तुझे किती, माझे किती?" दोन वेण्यांची मुलगी मला परीक्षा घेतल्यासारखं विचारत होती. फळ्यावर माझा हात आणि तिचा हात काढला. घंटा झाली तेव्हा सोळातून सात बाजूलाच राहिले होते, आणि जमिनीवरची तीन मुलं परीक्षकांच्या बाकावर, त्यांना खेटून बसली होती.

नंतर मी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर उभी होते. दाराला कडी नव्हती, त्यामुळे ते बोटभर उघडं राही.

"उमेदवारानं बरोबर उत्तराला चूक म्हटलं," परीक्षक म्हणत होते. "मग मुलांदेखत स्वतःची चूक कबूल केली. दोन्ही गंभीर आहे."

"जास्त गंभीर कुठलं?" बाई.

"दुसरं. शिक्षकाचा वर्गात एक अधिकार असतो. मी अकरा दिलेत."

अकरा म्हणजे नागपूर, भोपाळ आणि कोलकाता.

"सोळातून सात गेले किती?" बाईंनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा तर."

फटीतून मला परीक्षकांचा डावा हात दिसत होता, फाइलवर ठेवलेला. उत्तर त्यांना पाठ असणारच. पण बाईंनी असं अचानक विचारलं की कोणाचाही अंगठा हलतो. त्यांचा करंगळीवरून निघाला, दोन बोटं ओलांडून तिसऱ्यावर टेकला.

"नऊ."

"आलं कुठून?"

परीक्षकांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"त्या पोरीचंही तिथूनच आलं," बाई म्हणाल्या. "बर्गीनं ते विचारलं. आपल्या दोघांना शाळेत असताना कोणी विचारलं होतं?"

परीक्षकांनी पेन उघडलं आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या अकरातल्या दुसऱ्या एकाच्या डोक्यावर एक आडवी रेघ दिली. अकराचे सतरा झाले. खाडाखोड नाही, त्यामुळे शेजारी सही करायचीही गरज पडली नाही. माणूस अनुभवी होता.

शेवटच्या दिवशी मी बाईंना भेटायला गेले. त्या स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या, उजवा हात पदरात गुंडाळून. थंडी वाजते का विचारलं, तर म्हणाल्या, "जिन्यात चक्कर आली परवा. बहिणीनं घर डोक्यावर घेतलंय." मग विषय बदलला. "तुला मी एकवीस दिलेत."

"चार कुठं गेले?"

"त्या पोरीला चूक म्हणालीस. एक बोट कापलं."

त्यांनी सतरा आणि एकवीस पदराखालीच मोजले, ओठ हलत होते. चिठ्ठीवर बेरीज लिहिली, पाकिटात घातली, पाकीट डिंकानं चिकटवलं. "झालं बर्गी, खंदक पुरा झाला," म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी घाईघाईनं हात पदराबाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच आत घेतला.

आता मी दुसऱ्या एका गावात तिसरीला शिकवते. मुलं बाकावर बोटं मोजतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या. मी त्यांना सोळातून सात विचारले आणि त्यांच्या हाताकडे पाहिलं. नवीन मूल वर्गात आलं की आधी त्याच्या बोटाला किती, ते विचारते. उत्तर तपासायला बसले की लाल पेन हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि त्यामुळे माझं काम इतरांच्या दुप्पट वेळ चालतं. ही सवय मला एका माणसानं लावली. ती नसती तर मी आज बहुधा कुठल्या तरी चौथ्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला असते. हे ऋण मी मानते, आणि ऋण हा शब्द मी सहसा वापरत नाही.

गुणपत्रिका पोस्टानं या गावी आली. मी पास होते. प्रात्यक्षिकापुढे पन्नासपैकी छत्तीस लिहिले होते. सतरा आणि एकवीस अडतीस होतात. मी दुरुस्तीचा अर्ज केला नाही. बाईंच्या शिस्तीप्रमाणे आधी विचारलं, छत्तीस आलं कुठून? डाव्या करंगळीपासून मोजत गेलं तर छत्तीसला नऊ बोटं पुरी होतात. उरतात दोन रेघा, उजव्या करंगळीवरच्या.

डोक्यावरून हात काढताना माझ्या केसात काही तरी अडकलं होतं. चांदीच्या अंगठीत बसवलेला मोती होता.